जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत : पाऊस, वादळ आणि वाट पाहणे

१. प्रस्तावना

या पाठात आपण थेट मैफलींच्या जुन्या ध्वनिमुद्रणांकडे समीक्षेच्या नजरेने पाहणार आहोत. उदाहरणे मुख्यतः रॉक संगीताची घेतली आहेत. सोबत आपल्याकडच्या रागसंगीताचीही आहेत, कारण दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे. मी लखनौमध्ये अभियांत्रिकी शिकवतो. संगीत हा माझा अध्यापनाचा विषय नाही. पण आवाज कसा पकडला जातो, कुठे बिघडतो आणि कोण तो 'दुरुस्त' करतो, हे आमच्या शाखेला चांगले ठाऊक असते. समीक्षेसाठी ते ज्ञान उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

तुमच्यापैकी अनेक जण साठ-सत्तरच्या दशकातल्या मैफली मोबाइलवर ऐकतात. कोणत्या रात्रीचे वादन सर्वांत चांगले, कोणती आवृत्ती अधिक स्वच्छ, यावर तासन्‌तास वाद घालतात. हा वाद चांगलाच आहे. पण त्यात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : या ध्वनिमुद्रणातून काय काढून टाकले आहे?

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर कात्री चालते तेव्हा सर्वांत आधी कापले जाते ते वाट पाहणे. वाद्ये लावणे, मंच रिकामा असणे, पावसामुळे खोळंबणे, कलाकार उशिरा येणे, हे सगळे 'संगीत नाही' म्हणून वगळले जाते. मात्र मैफलीत काय घडले आणि ते तसेच का घडले, याचे उत्तर पुष्कळदा त्याच वगळलेल्या भागात असते. ते हातात नसताना दिलेला निकाल चुकू शकतो.

२. ध्वनिमुद्रणाकडे पाहण्यासाठी तीन प्रश्न

कोणतेही जुने ध्वनिमुद्रण ऐकण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला : मायक्रोफोन कुठे होता? मंचावरच्या मिक्सरमधून थेट घेतलेल्या टेपमध्ये वाद्ये जवळून आणि स्वच्छ ऐकू येतात, पण सभागृह जवळजवळ नाहीसे होते. श्रोत्यांत बसून केलेल्या टेपमध्ये वाद्ये दूरची आणि धूसर वाटतात, पण जागेचा आकार, शेजाऱ्याचा खोकला, टाळ्यांची दिशा हे सगळे मिळते.

दुसरा : किती वेळ मावत होता? ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटे मावत. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे, तर सीडीवर सुमारे ७४ मिनिटे. कलाकार काय वाजवतो हे त्याच्या मनावर असते, पण आपल्यापर्यंत किती पोचते हे माध्यम ठरवते.

तिसरा : नंतर कोणी आणि का हात लावला? तुकडे जोडले का, टाळ्या वाढवल्या का, वाऱ्याचा आवाज गाळला का?

हे प्रश्न तांत्रिक वाटतील. पण त्यांची उत्तरे बदलली की आपला सौंदर्यविषयक निकालही बदलतो. पुढच्या उदाहरणांत ते दिसेल.

३. वुडस्टॉक : तीन तबकड्या आणि अडतीस सीडी

ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, बेथेल या गावाजवळच्या मॅक्स यास्गर यांच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव झाला. तो १५ ते १७ ऑगस्ट असा तीन दिवसांचा ठरला होता, पण लांबत सोमवारी १८ तारखेच्या सकाळपर्यंत चालला. चार लाखांच्या आसपास माणसे जमली, असा अंदाज सांगितला जातो. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, त्यावरचा चित्रपट आला आणि तीन लाँग प्ले तबकड्यांचा संचही निघाला. पन्नास वर्षे जगाला वुडस्टॉक माहीत होते ते प्रामुख्याने या दोहोंमुळे.

रविवारी १७ तारखेला दुपारी जो कॉकर यांचे गाणे संपले आणि मोठे वादळ आले. मंचावरून सूचना सुरू झाल्या : मनोऱ्यांवर चढलेल्यांनी खाली उतरावे, मनोऱ्यांपासून दूर व्हावे. ध्वनिक्षेपकांचे आणि दिव्यांचे ते उंच मनोरे वाऱ्यात हलत होते. ते कोसळले असते तर शेकडो माणसे सापडली असती. गर्दीने पाऊस नको असा घोष सुरू केला. टाळ्या वाजल्या, डबे वाजले. कार्यक्रम काही तास थांबला.

१९७० च्या संचात या घटनेचा एक छोटा तुकडा आहे. गर्दीचा पावसाविरुद्धचा घोष असेच त्याचे नाव. तो ऐकताना पहिली भावना आनंदाची होते. संकटातही लोक गात आहेत, लय धरत आहेत! तुकडा संपतो आणि पुढचे गाणे सुरू होते. म्हणजे या संचात वादळ येते, शोभा देते आणि काही मिनिटांत निघून जाते. प्रत्यक्षात ते तसे गेले नाही. आधीच लांबलेले वेळापत्रक त्याने आणखी पुढे ढकलले. रविवारी रात्री समारोप करायचा होता त्या जिमी हेंड्रिक्सना सोमवारी सकाळी वाजवावे लागले, आणि तोवर बहुतांश गर्दी घराकडे निघाली होती. त्यांनी गिटारवर वाजवलेले अमेरिकेचे राष्ट्रगीत हा महोत्सवाचा कळस मानला जातो. तो कळस विरळ, थकलेल्या, चिखलाने माखलेल्या श्रोत्यांसमोर गाठला गेला, हे लक्षात घेऊन ते वादन पुन्हा ऐका. लाखोंच्या जल्लोषातला विजय त्यात शोधू नका. मला त्यात रात्रभर जागून उजाडलेल्या सकाळचा एकाकीपणा ऐकू येतो, आणि ते वादन त्यामुळे अधिक मोठे वाटते.

या संचाबद्दल आणखी एक गोष्ट. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांचे त्यातले एक गाणे वुडस्टॉकला ध्वनिमुद्रित झालेलेच नव्हते. ते न्यूयॉर्क शहरातल्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात पुढच्या महिन्यात झालेल्या कार्यक्रमातले होते. तरी ते वुडस्टॉक म्हणून विकले आणि ऐकले गेले.

२०१९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, अँडी झॅक्स यांच्या निर्मितीखाली ३८ सीडींचा संच निघाला. त्याच्या १,९६९ प्रती काढल्या होत्या. त्यात जवळजवळ पूर्ण महोत्सव क्रमाने आहे, मंचावरच्या सूचनांसह. कोणाचे औषध हरवले आहे, कोणी कोणाला कुठे भेटावे, तेही आहे. या संचामुळे जुन्या आठवणी तपासता आल्या. पहिले गायक रिची हेव्हन्स पुढे सांगत की इतर कलाकार न पोचल्याने त्यांना जवळजवळ तीन तास गावे लागले. टेप सांगते की त्यांचे गाणे तासाभराच्या आतले होते. हेव्हन्स खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. लाखोंच्या गर्दीसमोर, पुढचे कोणी तयार नसताना एकट्याने मंच सांभाळणाऱ्या माणसाला तेवढा वेळ तीन तासांचा वाटू शकतो. टेप घड्याळाचा वेळ सांगते, आठवण अंगावर आलेला वेळ सांगते. समीक्षकाला दोन्हींची गरज असते. फक्त कोणता वेळ कोणी सांगितला, याची गल्लत करू नये.

४. पावसातले रविशंकर आणि लखनौचे पुस्तक

वुडस्टॉकच्या पहिल्या रात्री, शुक्रवारी, पंडित रविशंकर यांनी पावसात सतार वाजवली. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. पूरिया धनाश्री, झपतालात एकल तबला आणि मांज खमाज असा क्रम होता.

इथे लखनौचा संबंध येतो. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौत मॅरिस म्युझिक कॉलेज उभे राहिले. आज कैसरबागेत ते भातखंडे यांच्याच नावाने ओळखले जाते. डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ घडवले. दहा थाट आणि रागांच्या वेळा यांची जी मांडणी आज देशभरच्या संगीत विद्यार्थ्यांना शिकवली जाते, ती भातखंडे यांची. त्या मांडणीत पूरिया धनाश्री हा पूर्वी थाटातला, संधिप्रकाशाचा राग आहे. म्हणजे दिवस मावळतानाचा. वुडस्टॉकला तो रात्रीच्या अंधारात, विजेच्या दिव्यांखाली वाजला.

आता त्याच्या शेजारी दोन वर्षे आधीची मैफल ठेवा. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप महोत्सवात रविशंकर यांच्यासाठी रविवारची अख्खी दुपार राखून ठेवली होती. तिथे त्यांनी भीमपलासी वाजवला, जो दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा राग आहे. वेळ रागाची होती, श्रोते आसनांवर बसलेले होते आणि वादकाला घाई नव्हती.

माझा निकाल माँटेरेच्या बाजूने आहे. वुडस्टॉकला हात तेवढेच तयार आहेत, पण राग उलगडायला जी स्वस्थता लागते ती नाही. ओलसर हवेत तबल्याचे चामडे सैल पडते आणि स्वर उतरतो.  सूर जुळवत ठेवण्यातच वादकाचे बरेच लक्ष जाते. स्वतः रविशंकर यांनाही तो अनुभव आवडला नव्हता. चिखलात बसलेली ती गर्दी पाहून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, अशा अर्थाचे त्यांनी नंतर सांगितले आहे. आपले संगीत तिथे निमित्तमात्र आहे, असे त्यांना जाणवले होते.

पण हा निकाल देताना सावध राहा. सिद्धांतानुसार राग चुकीच्या वेळी वाजला म्हणून मैफल कमी प्रतीची, असे गणित मांडू नका. भातखंडे यांनी घरोघरी जाऊन, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीत मांडल्या. ते काम नसते तर कितीतरी बंदिशी नाहीशा झाल्या असत्या. तरी स्वरलिपीतही निवड असतेच. स्वर आणि मात्रा कागदावर येतात. दोन स्वरांमधली मींड, गायकाचा श्वास, समेवर येण्याआधीचे थांबणे पूर्णपणे येत नाही. टेप आणि स्वरलिपी ही दोन्ही ठेवण्याची साधने आहेत आणि दोहोंच्या चाळणीतून काही ना काही खाली पडते.

५. कमी लांबीत काय हरवते : बेगम अख्तर आणि बांगलादेशची मैफल

लखनौत संग्रहित आवाज म्हटले की पहिले नाव बेगम अख्तर यांचे निघते. १९१४ मध्ये फैजाबादला जन्म, लग्नानंतर लखनौत घर, ऑक्टोबर १९७४ मध्ये अहमदाबादला मैफलीनंतर काही दिवसांतच मृत्यू आणि लखनौच्या ठाकूरगंज भागात दफन. त्यांच्या आरंभीच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत. गझल सुरू होते, शेर भरभर येतात, संपते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तीच गायिका एका ओळीवर थांबते, ती ओळ वेगवेगळ्या वळणांनी पुन्हा म्हणते, हार्मोनियम वाट पाहते आणि श्रोत्यांतून 'वाह' येते. ती दाद गाळली तर पुढची वळणे कशामुळे सुचली हे कळत नाही.

त्यांच्या आवाजाला वरच्या स्वरावर एक बारीक तडा जात असे. एखाद्या नवख्या ध्वनितंत्रज्ञाने त्याला दोष मानले असते. रसिक त्याच तड्याची वाट पाहत बसत. दोष कोणता आणि गुण कोणता हे यंत्र ठरवू शकत नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसरे उदाहरण १ ऑगस्ट १९७१ चे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. सुरुवातीला रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले. अली अकबर तरुणपणी लखनौ आकाशवाणीवर काम केलेले. त्यांनी वाद्ये लावली, थांबले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रोत्यांना वाटले पहिली रचना संपली. रविशंकर यांनी हसत त्यांना म्हटले की तुम्हाला वाद्ये लावणे एवढे आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे.

हा प्रसंग तीन तबकड्यांच्या अधिकृत संचात तसाच ठेवला आहे. सहज कापता आला असता. तो ठेवल्यामुळे आपल्याला त्या संध्याकाळचे खरे नाते कळते. श्रोत्यांना संगीत कळत नव्हते, पण ते आदराने ऐकत होते. वादकांना ते ठाऊक होते आणि त्यांना त्याचा राग नव्हता. मागून येणारे वादन कितीही सुंदर असले, तरी एवढी माहिती ते देऊ शकले नसते. वाट पाहण्याचे दीड-दोन मिनिट ठेवण्याचा तो निर्णय म्हणजे संपादकाने केलेली समीक्षाच आहे.

६. लखनौच्या आंधीतला एक वाद

उत्तर भारतात मे-जूनमध्ये आंधी येते. दिवसभर तापलेली हवा, मग पश्चिमेकडे पिवळट-करडे आकाश, झाडे स्तब्ध. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत पुढे ढकलत येते. सूचना मोबाइलवर आलेली असते, वीज जाणार हे सगळ्यांना माहीत असते.

अशा एका संध्याकाळी आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुले-मुली ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाविषयी वाद घालत होती. विषय होता त्यांची ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली मैफल. मे महिना असूनही त्या दिवशी तिथे बर्फ पडला होता. बेटी कँटर-जॅक्सन यांनी मिक्सरवरून केलेली ती टेप चाहत्यांमध्ये हातोहात पसरली. १९८६ मध्ये भाडे थकलेल्या गोदामातल्या मालाच्या लिलावात त्यांच्या टेप विकल्या गेल्या होत्या. २०११ च्या यादीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने या मैफलीला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत स्थान दिले आणि २०१७ मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.

एक विद्यार्थी म्हणाला, ही त्यांची सर्वांत चांगली मैफल. दुसरीने विचारले, सर्वांत चांगली की सर्वांत चांगली *ध्वनिमुद्रित*? इतर रात्रींच्या टेप खराब असतील तर तुलना कशी करणार? तिसऱ्याचे म्हणणे होते की मिक्सरवरच्या टेपमध्ये सभागृहच नाही, त्याला श्रोत्यांतली टेप हवी. तेवढ्यात वारा सुटला, खिडक्या आपटल्या आणि वीज गेली. मुलगी म्हणाली, "सर, आता मोबाइलवर हे रेकॉर्ड केलं तर काय ऐकू येईल?"

प्रश्न नेमका होता. वाऱ्याचे झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर थेट आदळतात आणि खालच्या कंप्रतांचा मोठा घरघराट होतो. तो काढायला आपण खालच्या कंप्रता गाळणारा फिल्टर लावतो. पण बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर वाजते आणि मोठा ड्रमही त्याच भागात असतो. वारा काढताना त्यांचेही वजन जाते. वादळ पूर्ण काढले आणि संगीत पूर्ण राखले, असे होत नाही. ही किंमत प्रत्येक 'स्वच्छ' आवृत्तीने मोजलेली असते.

दुसऱ्या मुलीचा प्रश्न तर समीक्षेचा गाभाच आहे. ज्याची टेप चांगली, त्याची कीर्ती मोठी. याची उलट बाजूही पाहा. हाच वाद्यवृंद वुडस्टॉकला शनिवारी रात्री वाजवत होता. ओला मंच आणि सदोष अर्थिंग यामुळे गिटारला हात लावला की वादकांना विजेचे झटके बसत होते. वादन फसले. त्यांनी ते चित्रपटात किंवा त्या वेळच्या तबकड्यांत येऊ दिले नाही. अनेक वर्षे चाहत्यांनी फक्त 'तिथे त्यांचे वाईट झाले' एवढेच ऐकले होते. आज ते ऐकायला मिळते, आणि ऐकताना अर्थिंगचे ज्ञान असलेला श्रोता वेगळा निकाल देतो. गाणी का तुटतात, मधली थांबणी का लांबतात, हे त्याला कळते. पावसात वाजवताना दर स्पर्शाला झटका बसेल या भीतीने कोणाचेही बोट आखडेल.

७. एक आक्षेप : मग सगळेच ठेवायचे का?

इथे तुम्ही विचाराल : ३८ सीडी कोण ऐकणार? रटाळ भाग कापणे हेच तर संपादकाचे काम नाही का?

आक्षेप योग्य आहे. अडतीस सीडी सलग ऐकणे बहुतेकांना जमणार नाही आणि तसा आग्रहही नाही. चांगली निवड ही कलाच आहे. पेनेबेकर यांच्या माँटेरेवरच्या चित्रपटात रविशंकर यांचा आलाप नाही, फक्त शेवटची रचना आहे. तरी तो भाग उत्तम आहे, कारण कॅमेरा बराच वेळ वादकांना दाखवतच नाही. तो श्रोत्यांचे चेहरे दाखवतो. आलापातली वाट पाहणे कापले, पण ऐकणाऱ्यांची ठेवली.

म्हणून माझी मागणी दोन पातळ्यांवर आहे. संग्रहात सगळे राहावे : सूचना, खोळंबा, बिघाड, पाऊस. ऐकण्याच्या आवृत्तीत निवड व्हावी, पण काय वगळले ते सांगितलेले असावे. २०१९ च्या संचातही हेंड्रिक्स यांची दोन गाणी वारसदारांच्या इच्छेनुसार नाहीत. ते जाहीर असल्यामुळे आपण फसत नाही. १९७० मध्ये फिलमोर ईस्टचे गाणे वुडस्टॉक म्हणून देणे मात्र श्रोत्याची फसवणूक होती, गाणे कितीही चांगले असले तरी.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८० मध्ये द पोलीस हा ब्रिटिश वाद्यवृंद वाजवून गेला. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकच्या निमित्ताने किती तरी भारतीय वाद्यवृंद तिथे उभे राहिले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे तिथल्या मैफली थांबल्या. त्या रात्रींतले जे काही टिकले असेल ते कोणाच्या तरी घरच्या कॅसेटवर असणार, आणि कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते. त्या कॅसेटवर गाण्याआधीची पाच मिनिटांची कुजबुज असेल, तर ती पुसू नका. त्या काळचे श्रोते कसे बोलत, कोणत्या भाषेत ओरडत, कशाची वाट पाहत, हे तिथेच सापडेल.

८. सारांश

- ध्वनिमुद्रण हे मैफलीचे एक निवडलेले रूप असते. मायक्रोफोनची जागा, माध्यमाची लांबी आणि नंतरचे संपादन यांनी ते घडते.
- वाट पाहण्याचा भाग कापल्याने कार्यकारणभाव हरवतो. वुडस्टॉकचे वादळ एक तुकडा म्हणून राहिले, पण त्याने हेंड्रिक्स यांना सोमवारच्या सकाळपर्यंत नेले हे विसरले गेले.
- हवामान वाद्यांवर, यंत्रांवर आणि वादकांच्या शरीरावर परिणाम करते. ते समजून घेतल्याशिवाय वादनाला नावे ठेवू नयेत.
- टेपची गुणवत्ता आणि वादनाची गुणवत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत.
- संग्रह पूर्ण असावा, निवड प्रामाणिक असावी.

९. स्वाध्याय

१. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरा. मंचापासून ४०० मीटरवर बसलेल्या श्रोत्याला टाळीचा आवाज किती उशिरा पोचेल? लाखोंच्या गर्दीने एका लयीत घोष धरणे का अवघड आहे, ते यावरून स्पष्ट करा.

२. एकाच कलाकाराची एक स्टुडिओतली आणि एक थेट मैफलीतली आवृत्ती निवडा. मैफलीत संगीत नसलेला एकूण वेळ मोजा. तो काढल्यास तुमचा निकाल बदलेल का? दोनशे शब्दांत लिहा.

३. घरी किंवा शेजारी एखादी जुनी कॅसेट शोधा. मालकाच्या परवानगीने ती पूर्ण ऐका आणि मैफल कुठली, मायक्रोफोन साधारण कुठे असावा, पार्श्वभूमीला कोणते आवाज आहेत याची नोंद करा. नंतर तिची अंकीय प्रत करा. प्रत करताना कोणताही फिल्टर लावू नका. स्वच्छ आवृत्ती हवी असेल तर ती वेगळी करा आणि मूळ प्रत जपून ठेवा.